कठीण पोट

"मग बाई, कोरकू बायकांच्या पोटातच काही वेगळं असतं का?"

मेळघाटातल्या त्या लहानशा दवाखान्यात द्वारकाबाईंनी चाळीस वर्षं बाळंतपणं केली होती. विचारणारा निरंजन देवस्थळी, पुण्याहून त्यांच्या हाताखाली शिकायला आलेला तरुण डॉक्टर. पायाळू बाळ आईच्या पोटावरून हातांनी फिरवायचं, डोकं खाली आणायचं, ही बाईंची विद्या त्याने वर्षभरात उचलली होती. आपला हात बसलाय, याचा त्याला अभिमानही होता.

त्याने वही पुढे केली.

"बाजारगावातल्या दहाजणींपैकी सात बाळं फिरली. डोंगरातल्या कोरकू दहाजणींपैकी तीन. गर्भाशय सैल करायचं इंजेक्शन तेच, हात तेच."

"हात तेच?"

"माझेच की, बाई. यांची पोटंच कठीण. हात लावला की लाकूड."

बाहेर बाकावर सुगरती बेठेकर बसली होती. दिवस भरत आलेले, बाळ पायाळू. निरंजनने तिची चिठ्ठी आधीच लिहून ठेवली होती. ऑपरेशनसाठी अमरावतीला पाठवणे. घाटाच्या वळणांनी चार-पाच तासांची वाट.

बाईंनी चिठ्ठी वाचली...

"टेबलावर झोप."

"मी?"

"शर्ट वर कर."

तो ओशाळून आडवा झाला. बाईंनी नळाखाली हात धरले, पुसले नाहीत. त्याच्याकडे न बघता दारातल्या नर्सशी कोरकूत काहीतरी बोलल्या. नर्स हसली. तेवढ्यात बाईंनी त्याच्या पोटात बोटं रोवली.

निरंजनचं पोट आवळून लाकूड झालं. ही कशाला हसली असेल...

"देवस्थळ्यांचं पोट फार कठीण असतं," बाई म्हणाल्या. "लिही वहीत."

तो उठून बसला. मागच्या महिन्यात बाजारगावातल्या शाळामास्तरांच्या बायकोपाशी तो अर्धा तास बसला होता, तिला सगळं समजावलं होतं. डोंगरातल्या बायका टेबलावर असताना मात्र तो बोलायचा तो नर्सशी... त्यांच्या डोक्यावरून.

"सुगरतीला विचारलंस, फिरवून बघू का म्हणून?"

"...नाही."

सुगरतीला आत बोलावून त्याने हात चोळून गरम केले. कोरकूत सांगायला नर्सला मधे घेतलं, पण फिरवून बघू का हे विचारलं सुगरतीकडे बघून; ती हो म्हणाली. दुखलं तर सांग, मी थांबेन, म्हणाला. दोनदा तिने थांब म्हटलं, दोनदा तो थांबला. पोर गुदमरणार नाही ना, असं तिने विचारलं, तेव्हा त्याने तिला बाळाचे ठोके ऐकवले. तिसऱ्या खेपेला टेबलाची कड घट्ट धरलेला तिचा हात सैल पडला, आणि त्याच्या तळव्यांखाली काहीतरी मोठं, गोल, हळूच सरकलं.

डोकं खाली आलं होतं. ठोके ठीक होते.

सुगरती कितीतरी वेळ स्वतःच्या पोटावर हात फिरवत राहिली.

दुपारी निरंजन दवाखान्याच्या पायरीवर बाईंशेजारी येऊन बसला.

"बाई, एवढं करूनही नसतं फिरलं तर?"

बाई चष्मा पुसत होत्या.

"तर अमरावतीपर्यंत गाडीत तिच्याशेजारी बसला असतास."