भोंग्यातला सिदराम

गोंधळी सिदराम रेणके वारला, आणि वर्षश्राद्धाच्या आधीच बाजारात बोलू लागला. पशुखाद्य विकणाऱ्या बाबरशेठनं त्याच्या जुन्या गोंधळांच्या रेकॉर्डिंगवरून यंत्राला त्याचा आवाज शिकवला होता. ज्या गळ्यानं आई भवानीला गोंधळाला बोलावलं, तोच गळा आता गाडीवरच्या भोंग्यातून पेंड खपवत होता.

सिदरामची बायको गोदाक्का कोर्टात गेली.

न्यायाधीशांनी विचारलं, "शेठ, आवाज न विचारता का घेतला?"

बाबरशेठ छाती काढून म्हणाला, "मी कुठं घेतला? यंत्र आपलं आपण शिकलं. त्याच्या करणीला मी कसा जबाबदार?"

"मग तो आवाज बंद करा."

"का म्हणून? यंत्र माझं. त्यातून निघतं तेही माझंच."

गोदाक्का उठून उभी राहिली. "शेठ, धार काढताना म्हैस तुमची, अन् तिनं शिंग मारलं की म्हैस रानाची व्हय?"

अख्खं कोर्ट हसलं. न्यायाधीशही हसले. मग म्हणाले, "बाई, बोललात बिनतोड. पण यंत्रानं घेतलं तर धरायचं कुणाला, हे कायद्यात अजून लिहिलेलंच नाही." आणि त्यांनी पुढची तारीख दिली.

पुढच्याच बाजारी गोदाक्का मिरच्या निवडत होती. भोंग्याची गाडी आली, आणि तिच्या नवऱ्याचा आवाज खणखणला, "धार काढताना म्हैस तुमची, मग पेंड दुसऱ्याची कशाला? बाबरशेठचीच घ्या!"

बाजार खदाखदा हसला. नवऱ्याचा आवाज ऐकून गोदाक्कानं सवयीनं डोक्यावर पदर घेतला.