बकुळी घराला काय म्हणाली

एका उन्हाळ्यात काय झालं, ऐका. आधी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घ्या. हं. आता ऐका.

एक गाव होतं. गावाच्या अगदी कडेला एका तांबटाचं घर होतं. तांबट म्हणजे तांब्याचे हंडे, घागरी घडवणारा. त्याचं नाव धोंडाजी. दिवसभर त्याच्या घरातून ठोके ऐकू यायचे. ठक, ठक, आणि मग जरा दमाने, ठक. तो दमाचा ठोका धोंडाजीचाच. तसा दुसऱ्या कुणाचा पडत नसे. घरात त्याची बायको होती, मोठी बहीण होती, आणि एक मुलगी होती, बकुळी. तुमच्याएवढीच. असेल जराशी मोठी.

बकुळीची आत्या कधी घर सोडून जात नसे. लग्नाला नाही, जत्रेला नाही. कुणी बाहेर निघालं की तिला सांगायचं, "आत्या, येते." आणि ती आतून म्हणायची, "ये हं." एवढंच. ते काही मोठं काम आहे असं कुणाला वाटत नसे, बरं का.

मग एक दिवस ऊन असं तापलं की भट्टीपुढे बसवेना. धोंडाजीने हातोडी खाली ठेवली. त्याचा मित्र बाबू गुरव उंबऱ्यात वारा घेत बसला होता. धोंडाजी त्याला म्हणाला, "चल, ओढ्यावर जाऊ."

"आत्ता?"

"आत्ता. असंच."

"काही तयारी नाही," बकुळीची आई आतून म्हणाली.

"तयारी कशाला? भाकऱ्या आहेत ना सकाळच्या? एक कलिंगड घे. झालं."

आईने भाकऱ्या फडक्यात बांधल्यासुद्धा. मग बकुळीने आत्याचा हात धरला. "आत्या, तू पण."

"आणि घर?" आत्या म्हणाली.

"घर काय पळून जातंय?" धोंडाजी हसला. "ऊठ अक्का. पाय तरी बुडव पाण्यात."

आणि आत्या उठली. कधी नव्हे ती उठली, चक्क पायांत वहाणा घालून निघाली.

सगळ्यांच्या मागे बकुळी होती. दार ओढून घ्यायचं काम तिचं. तिने दार ओढलं आणि सवयीने म्हणणार होती, आत्या, येते. पण आत्या तर पुढे चालली होती. आत कुणीच नव्हतं. बकुळीला त्याची गंमत वाटली. ती दाराला म्हणाली, "जाते रे घरा. जाते."

आतून कुणीतरी म्हणालं, "बरं."

अगदी हळू. रिकाम्या हंड्यात बोलल्यासारखं. बकुळीला वाटलं, घर मोकळं आहे, घुमलं असेल. आणि ती पळाली.

ओढा तसा हाकेच्या अंतरावर होता. वाटेत एक बांध, एक बाभूळ, मग ओढा, आणि पलीकडे झाड. झाड कसलं म्हणाल, तर आंब्याचं असावं. कुणी जांभळाचंही सांगतात. आपण आंब्याचंच धरू. त्या झाडाखाली बसलं की आपलं घर समोर दिसायचं, कौलांसकट. उन्हाळ्यात ओढा आटलेला, पण झाडाखालच्या डोहात गार पाणी होतं. सगळ्यांनी पाय सोडले. कैऱ्या पाडल्या, मीठ लावून खाल्ल्या. बाबू गुरवाने कलिंगड गुडघ्यावर आपटून फोडलं आणि स्वतःच भिजला. आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला. असं हसताना बकुळीने तिला कधी पाहिलंच नव्हतं.

मग उन्हं कलली. आणि समोरच्या घरातून आवाज आला.

ठक. ठक. मग जरा दमाने, ठक.

धोंडाजीच्या हातातली कलिंगडाची फोड तशीच राहिली. "हा माझा ठोका आहे," तो म्हणाला.

मग कौलांतून धूर निघाला. वाऱ्यावर फोडणीचा वास आला. आईने वास घेतला आणि पदर तोंडाला लावला. तिच्याच हातची फोडणी होती ती.

"पाहुणे आलेत तुमच्याकडे," बाबू गुरव म्हणाला. "मला न विचारता."

तेवढ्यात घरातून कुणीतरी शिंकलं. मोठ्याने, आणि मागोमाग "नारायण, नारायण." बाबू गुरव असाच शिंकायचा. तो तर इथे डोहाकाठी बसला होता.

मग सगळे उठले आणि घराकडे निघाले. ओढा ओलांडला. बाभूळ मागे पडली, बांध मागे पडला. आणि पुढे काय आलं? आंब्याचं झाड. डोहाकाठी कलिंगडाची सालं पडलेली.

मग त्यांनी वाट सोडली. शेतातून सरळ गेले, ढेकळं तुडवत. धोंडाजी पुढे, बाकीचे मागे. पुन्हा तेच झाड. सालांवर आता मुंग्या लागल्या होत्या.

मग आत्या म्हणाली, "हात धरा एकमेकांचे. आणि घरावरची नजर काढू नका. ठेच लागली तरी खाली बघायचं नाही."

बकुळीला ठेच लागली. तिने खाली पाहिलं नाही. घर हळूहळू मोठं होत गेलं, आणि एकदाचे ते दारात आले.

दार आतून लावलेलं होतं. धोंडाजीने कडी वाजवली.

"कोण?" आतून आवाज आला. आवाज धोंडाजीचा.

"आम्ही," बाहेरचा धोंडाजी म्हणाला.

मग उत्तर आलं. "आम्ही तर घरातच आहोत."

आणि मागून आत्याचा आवाज, आतल्या आत्याचा. "दिवेलागणीला दारात कोण ते? वाती कर गं. दिवा लावायचाय."

बाहेरची आत्या मटकन पायरीवर बसली. "धोंडू," ती म्हणाली, "त्यांनी दिवा लावला की घर त्यांचं झालं. मग कितीही कडी वाजव. आपण झाडाखालचे." मग ती सगळ्यांकडे बघू लागली. "शेवटी कोण निघालं? निघताना काय म्हणालं?"

बकुळीने मान खाली घातली. "जाते म्हटलं."

"कुणी उत्तर दिलं?"

"बरं म्हणालं."

कुणी तिला रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, असं बकुळीला वाटलं. आईने नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात गार होता.

मग बकुळीने दाराच्या फटीला डोळा लावला. आत सगळे आपापल्या जागी बसले होते. खिडकीपाशी, तिच्या जागेवर, एक मुलगी वाती वळत होती. तिने मान वळवली. तोंड बकुळीचंच होतं. पण घासलेल्या हंड्यात आपलं तोंड दिसतं ना, तसं. जरा रुंद, जरा लाल.

बकुळीला फार भीती वाटली. पण एक गोष्ट तिच्या लक्षात आली. ती माणसं नुसती बसली होती. ठोके पडत होते, पण हंडा घडत नव्हता. फोडणी चरचरत होती, पण कुणी जेवत नव्हतं. कुणी कुणाकडे बघून हसत नव्हतं. त्यांना कधी कुणी कुठे बोलावलंच नसावं.

मग बकुळीने फटीला तोंड लावलं. "आत बसून काय करता?" ती म्हणाली. "ओढ्यावर चला की."

ठोके थांबले.

"आत्ता?" आतून बाबू गुरवाचा आवाज आला.

"आत्ता. असंच. इथे तर आहे, हाकेच्या अंतरावर. डोहात पाय सोडून बसायचं. कैऱ्या आहेत."

"काही तयारी नाही," आतली आई म्हणाली.

"तयारी कशाला?"

मग आतली आत्या. तिचा आवाज सगळ्यांत सावकाश आला. "आणि घर?"

बकुळीने धोंडाजीकडे पाहिलं. "घर," ती म्हणाली, "काय पळून जातंय?"

आत पाटांचा आवाज झाला. माणसं उठत होती. धोंडाजीने सगळ्यांना मागे ओढलं, भिंतीच्या सावलीत. दार उघडलं. आतले बाहेर आले आणि ओढ्याकडे निघाले. पावलं वाजत नव्हती. पण ती माणसं हसत होती, बरं का. घागरीत खडे हलवावेत तसं हसू, पण हसू होतं.

सगळ्यांच्या मागे ती मुलगी. तिने दार ओढून घेतलं. मग थांबली. काहीतरी म्हणायचं असतं हे तिला ठाऊक होतं, पण काय ते नक्की आठवत नसावं. तिने इकडे तिकडे पाहिलं आणि भिंतीच्या सावलीत तिला बकुळी दिसली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

बकुळीला योग्य शब्द माहीत होता. तो सांगायला तिला किती वेळ लागला असता? पण मागे आई होती, आत्या होती, आणि घरात दिवा लागायचा होता. ती गप्प राहिली.

"जाते," ती मुलगी म्हणाली.

घर रिकामं होतं. उत्तर द्यायला कुणी नव्हतं. मग बकुळीनेच दिलं.

"बरं."

मुलगी वळली आणि ओढ्याकडे पळाली. बांधापलीकडे काही वेळ हसणं ऐकू आलं. मग तेही नाही.

मग धोंडाजीने दार ढकललं. सगळे आत गेले. आत्याने दिवा लावला. सगळं जागच्या जागी होतं. खिडकीपाशी फक्त एक वात पडली होती, अर्धी वळलेली. बकुळीने ती पुरी केली.

पुढे ते घर सुखात राहिलं. धोंडाजीने पुष्कळ हंडे घडवले. दर उन्हाळ्यात कुठल्याशा दुपारी तो हातोडी खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "चला, ओढ्यावर." तयारी नाही, काही नाही. पण घरात कुणीतरी एक मागे राहायचं, आणि निघणारा प्रत्येकजण त्याला "येतो" म्हणायचा. झाडाखाली बकुळी आधी एक कैरी पाडायची, मीठ लावायची आणि डोहाकाठच्या दगडावर ठेवायची. निघताना ती झाडाला येते म्हणत नसे, जाते म्हणत नसे. वळून बघतही नसे. पण बांधापर्यंत आलं की मागे दगडावरची कैरी कुणीतरी कचकन चावायचं.

मोठी झाली, म्हातारी झाली, तरी तिने ती कैरी कधी चुकवली नाही.

चला. डोळे मिटा आता. आणि मिटताना 'झोपायला जातो' नाही म्हणायचं. 'झोपून येतो' म्हणायचं. म्हणालात? मग निजा खुशाल. इथे कुणीतरी जागं आहे.

या हं.