गल्लीभर ओव्याचा वास

भांडीकुंडी एकमेकांशी बोलत असत, त्या काळातली गोष्ट. हमीदाबीच्या भट्टीवर तांब्याचा एक हंडा होता. त्यात ओवा पाण्यात उकळायचा. त्याची वाफ बांबूच्या नळीतून हौदात बुडवलेल्या सुरईत जायची आणि तिथल्या गारव्याने तिचं तेल व्हायचं.

हंड्याला एकच खंत होती. दिवसभर आगीवर आपण तापायचं, आणि रस्त्याने जाणाऱ्याला इथे भट्टी आहे याचा पत्ताही नाही.

एकदा तो हौदाला म्हणाला, "तू नुसता बसून असतोस आणि तुझ्या गारठ्याने माझा वास दबतो. आज पाटाचं ताजं पाणी आत घेऊ नकोस."

"तुझी मर्जी," हौद म्हणाला आणि त्याने तोंड मिटून घेतलं.

दुपारपर्यंत हौदातलं पाणी कढत झालं. वाफ सुरईत ठरेना. नळीच्या सांध्यांना लिंपलेली माती तडकली आणि गल्लीभर ओव्याचा घमघमाट सुटला. माणसं थांबून वास घेऊ लागली. हंडा फुलून गेला.

संध्याकाळी हमीदाबीने सुरई उपडी केली. नुसतं गढूळ पाणी निघालं.

दारातून जाणारा एक जण म्हणाला, "बी, आज वास काय सुरेख सुटलाय."

"ते तेल होतं, भाऊ," हमीदाबी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटायच्या आधी हंड्याने हौदाला हळूच विचारलं, "पाणी घेतलंस का?"