गोजरबाईचा एकटीचा बाजार

फार फार वर्षांपूर्वी, करंजोळ्याच्या नदीवर पूल नव्हता आणि डोंगरात जायला पायवाटेशिवाय दुसरी वाट नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. तेव्हाही करंजोळ्याला रविवारचा बाजार भरायचा. नदीकाठच्या माळावर अकरा गावं जमायची. डोंगरातले लोक मध, हिरडा आणि बांबूच्या पाट्या घेऊन उतरायचे. खालचे लोक ज्वारी, कांदा, भाजी मांडून बसायचे. मीठ बैलांच्या पाठीवरून यायचं.

पण बायका बाजाराला यायच्या त्या नुसत्या मिठासाठी नाही. सासरी गेलेल्या लेकीला माहेरी जायला मिळायचं वर्षातून एकदा. बाजाराला मात्र कुठली सासू अडवत नसे. म्हणून आया आणि लेकी भेटायच्या त्या बाजारात, कांद्याच्या ढिगाआड बसून.

या बाजारात गोजरबाई नावाची एक माळीण भाजी विकायची. नवरा लवकर गेला होता. नदीकाठी लहानसा मळा होता आणि एकच लेक होती, हौसा. हौसा दिली होती उंबरमाळला, सहा कोस वर डोंगरात. ती दर रविवारी खाली उतरायची, आईजवळ बसून भाकरी खायची आणि ऊन कलायच्या आत परत निघायची. दोघी फार बोलत नसत. हौसा भाजीच्या जुड्या बांधू लागायची, एवढंच.

मग एका वर्षी पटकीची साथ आली. करंजोळ्यात घराआड माणूस गेलं. खालचे म्हणाले, साथ डोंगरातून आली. डोंगरातले म्हणाले, ती खालच्या पाण्यातून आली. बाजारातून आली, हे मात्र दोघांनी कबूल केलं. पाटलांनी बाजार मोडला. गावागावांनी आपापल्या वाटांवर बाभळीच्या काट्यांचे ढीग घातले आणि काठ्या घेऊन माणसं बसवली.

साथ तीन महिन्यांत गेली. काटे गेले नाहीत. डोंगरात लोक अळणी खाऊ लागले. खाली वांगी गुरांपुढं पडू लागली. आणि कुणाची लेक जिवंत आहे, कुणाची नाही, कुणालाच कळेना.

गोजरबाई एकदा उंबरमाळच्या वाटेला लागली. दुसऱ्याच कोसावर तिच्या अंगावर दगड आले. कपाळाला खोक घेऊन ती परत आली. त्यानंतरच्या रविवारी तिनं पहाटे मेथी काढली, वांगी काढली, पाटी डोक्यावर घेतली आणि ओसाड माळावर आपल्या नेहमीच्या जागी जाऊन बसली. समोर चिटपाखरू नव्हतं. तिनं बाजार भरलाय अशीच हाक दिली.

“या गं बायांनो, ताजी मेथी! कवळी वांगी! हौसे, बरी आहेस का गं?”

दिवसभर ती तशीच हाका देत बसली. पुढच्या रविवारी पुन्हा आली. त्याच्या पुढच्याही. गावातली माणसं आधी हसली, मग त्यांनी समजूत घातली, मग सोडून दिलं. असं म्हणतात, की तिची मेथी दिवस मावळेपर्यंत कोमेजत नसे. असंही म्हणतात, की पावसाळ्यात नदी माळावर चढली तेव्हा पाणी तिच्या पाटीपाशी येऊन थांबलं. काही जण सांगतात, पाटी भिजली होती, पण बाई उठली नाही. मी दोन्ही ऐकलं आहे.

वर्ष होत आलं. एका रविवारी दुपारी नदीच्या पलीकडून एक म्हातारी येताना दिसली. लुगडं काट्यांनी फाटलेलं, पाय रक्ताळलेले. ती पाणी ओलांडून आली आणि गोजरबाईसमोर मातीतच बसली. ती ठकूबाई होती, उंबरमाळची. हौसाची सासू.

“विहीणबाई,” गोजरबाई म्हणाली.

“दर रविवारी तुमची हाक ऐकू यायची,” ठकूबाई म्हणाली. “हौसे, बरी आहेस का. अख्खा दिवस. घरात जबाब द्यायला कुणी नव्हतं. ती साथीतच गेली, पहिल्याच आठवड्यात. मी कानांत बोळे घालून पाहिले. शेवटी म्हटलं, आपणच जावं.”

सहा कोसांवर हाक कशी गेली, हे मला विचारू नका. गेली, असं म्हणतात.

गोजरबाईनं हातातली जुडी पाटीत ठेवली. मग तिनं विचारलं, “फार त्रास झाला का तिला?”

“एकच दिवस. मी जवळ होते.”

“पाणी दिलंत?”

“शेवटपर्यंत दिलं.”

तेव्हा गोजरबाई उठली. तिनं विहिणीचे पाय नदीच्या पाण्यानं धुतले. पाटीतली सगळी मेथी आणि सगळी वांगी तिच्या ओटीत घातली. “एवढ्या लांबून आलात,” ती म्हणाली, “रिकाम्या हातानं नका जाऊ.” ठकूबाई वळणाआड गेल्यावर मात्र ती मोठ्यानं रडली. ते रडणं सगळ्या गावानं ऐकलं.

आता ही बाई बाजार सोडणार, असं सगळ्यांना वाटलं. पुढच्या रविवारी ती पाटी घेऊन निघाली तेव्हा पाटील आडवे आले.

“गोजरबाई, आता कशाला बसतेस? तुझं काय ते कळलं ना तुला?”

“माझं मला कळलं, पाटील,” ती म्हणाली. “बाकीच्या आयांना कुठं कळलंय?”

पाटील बाजूला झाले. त्यांचीही एक मुलगी डोंगरात दिलेली होती.

त्या दिवशी कुंभाराची बायको माळावर आली आणि हळूच म्हणाली, “गोजरे, आमच्या यमुनेलाही हाक मार.” मग आणखी दोघी आल्या. दुपारपर्यंत गोजरबाई सतरा नावं पुकारत होती आणि प्रत्येक नावामागं विचारत होती, बरी आहेस का गं? संध्याकाळी तिचा आवाज बसला, तेव्हा बाकीच्या बायका उभ्या राहून हाका देऊ लागल्या.

पुढच्या रविवारी यमुना स्वतः आली, कडेवर मूल घेऊन. तिच्या मागं चौघी आल्या. ज्या येऊ शकणार नव्हत्या त्यांचा निरोप आला. काटे कुणी काढले, यावर अजून वाद होतो. खालचे म्हणतात, आमच्या बायकांनी काढले. डोंगरातले म्हणतात, आमच्या. दिवाळीपर्यंत बाजार पुन्हा भरला.

गोजरबाई त्यानंतर खूप वर्षं बसली. म्हातारपणी एका रविवारी तिची जागा रिकामी राहिली. ते लक्षात आलं आणि बाजारातून एक जण उठला, मग दुसरा, मग सगळा बाजार उठून तिच्या दाराशी गेला. बाईला साधा ताप होता. ती घोंगडीतून डोकं काढून ओरडली, “मेले का मी? माल उघडा टाकून आलात, गुरं खातील की!” आणि गुरांनी त्या दिवशी खरंच अर्धा बाजार खाल्ला, असं म्हणतात. ती पुढं चार वर्षं जगली.

करंजोळ्याचा बाजार आजही रविवारी भरतो. आता पूल आहे. शहरातले लोक कापडी पिशव्या घेऊन मोटारींनी येतात, डोंगरचा मध आणि गावठी वांगी नेतात. तिथं भाव सांगायच्या आधी खुशाली विचारतात. नव्या माणसाला ते जरा चमत्कारिक वाटतं. आणि नेहमीचं माणूस लागोपाठ दोन रविवार आलं नाही, तर तिसऱ्या रविवारी बाजारातलं कुणीतरी त्याच्या घरी जातं. याला ते गोजरबाईचा फेरा म्हणतात.

गेल्या वर्षी तालुक्याच्या गावी देवस्थळी नावाच्या एक निवृत्त बाई जिन्यात पडल्या आणि पाय मोडून घरात अडकल्या. त्या एकट्याच राहायच्या. तिसऱ्या रविवारी दुपारी त्यांच्या दाराची बेल वाजली. भिंतीला धरून धरून त्यांनी दार उघडलं. समोर सिंधूबाई उभ्या होत्या. देवस्थळीबाई करंजोळ्याच्या बाजारात त्यांच्याकडून भाजी घ्यायच्या, पण त्यापलीकडे दोघींची ओळख नव्हती. सिंधूबाई एस्टीनं आल्या होत्या, पत्ता विचारत विचारत, आणि तीन मजले चढून त्यांना धाप लागली होती.

“आल्या नाहीत,” मेथीची जुडी पुढं करत त्या म्हणाल्या, “म्हणून आले. बऱ्या आहात ना?”