वेल्डोर्फच्या वेशीची किल्ली

युरोपातल्या एका राजाला धाकटा भाऊ डोईजड झाला, म्हणून त्याने त्याला दूरच्या प्रांतावर गव्हर्नर करून पिटाळलं. राजपुत्र एगिनहार्टची ती स्वारी वेल्डोर्फ गावी थडकली आणि भर चौकात गरजली, "वेशीची किल्ली आणा! ज्याची किल्ली, त्याची मालकी. आजपासून तुमची नगरसभा बरखास्त!"

गावकऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. नगरसभेच्या प्रमुख ब्रिगिटाबाईही मनातून चरकल्या होत्या, पण त्यांनी गंजकी किल्ली शांतपणे पुढे केली.

"घ्या महाराज. फक्त हिचं दार इथे नाही. आपल्या आजोबांनी हे गाव जिंकलं, तेव्हा वेशीचं दार कुलपासकट उपटून नेलं आणि आपल्या राजवाड्याला बसवलं. आमची वेस तेव्हापासून उघडीच आहे."

"मग?"

"मग काय! ज्याची किल्ली त्याची मालकी, म्हणजे इतकी वर्षं आपला राजवाडा आमचाच होता की. आम्ही कधी आपल्याला घर रिकामं करायला सांगितलं का?"

गर्दीत कुणीतरी खुदकन हसलं. राजपुत्राने झडप घालून किल्ली खिशात टाकली, आणि नगरसभेचं नाव पुन्हा काढलं नाही.