खैरटेकचा विस्तव

"मग विस्तव आता कुणाकडे मागायचा, महाराज?"

जैतराव मठाच्या पायरीशी अनवाणी उभा होता, हातात मातीचं खापर घेऊन. त्याच्या घराण्याची तशी रीतच होती. नव्या राजाने सीमेवरच्या खैरटेक गावात यायचं, कुणाच्या तरी चुलीपुढे वाकून विस्तव मागायचा आणि त्यावर राजवाड्यातला दिवा लावायचा. त्याशिवाय गादीवर बसायचं नाही.

गादीवरून दोघा भावांत जुंपली, तेव्हा जैतरावाने शेजारच्या राजाचं सैन्य घाटातून आत आणलं. धाकटा भाऊ परागंदा झाला. पण वाटेत लागलेलं खैरटेक बेचिराख झालं.

पायरीवर भानगिरी गोसावी बसले होते. लहानपणी याच मठात त्यांनी जैतरावाकडून धुळाक्षरं गिरवून घेतली होती.

"हक्क माझा होता," जैतराव म्हणाला. "थोरला मी."

"हो. थोरला तूच."

"गावांना हात लावणार नाही, असा शब्द दिला होता त्यांनी."

"कुणाला?"

"मला."

"आणि गावाला कुणी दिला होता?"

जैतरावाने मान खाली घातली. मग हळूच विचारलं, "गुणाई कुठे आहे?"

त्याच्या वडिलांनी तिच्याच चुलीतला विस्तव नेला होता. मठात शिकायला असताना जैतरावाला तव्यावरची पहिली भाकरी तीच द्यायची, स्वतःच्या नातवाच्याही आधी.

गोसाव्यांनी झोळीतून एक लोखंडी फुंकणी काढली आणि पायरीवर ठेवली. ती राखेने माखली होती.

जैतरावाला गलबलून आलं. एवढी लढाई जिंकलेला तो तिथे मटकन खाली बसला आणि पोरासारखा रडला.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे पुसले. खापर पुन्हा उचललं.

"उद्या मुहूर्त आहे, महाराज. विस्तव न्यायलाच हवा."

गोसाव्यांनी गावाकडे बोट केलं. घरांचे वासे अजून धुमसत होते.

"तोटा नाही. हवा तेवढा घे."

जैतराव गावात गेला. पहिल्याच घरापाशी वाकला... आणि तसाच परत आला. खापर रिकामं होतं.

"तो असा उचलायचा नसतो," तो म्हणाला. "कुणीतरी द्यावा लागतो."

गोसावी थोडे सरकले. पायरीवर त्याच्यापुरती जागा केली.

"मग बस. कुणी येतंय का, बघू."