दोनदा वजा झालेले दहा

कोणाच्याच आजोबांना आठवणार नाही इतक्या पूर्वी, एका डोंगराळ राज्यात एक तलाव होता आणि तलावाच्या खाली एक गाव. मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, त्या राज्यात प्रत्येकाची वीत वेगळी होती, म्हणून रोज भांडणे होत. मग राजाने गावोगाव कापडी मोजपट्टी वाटली. तिच्यावरचा सेंटिमीटर राजवाड्यात जेवढा, तेवढाच झोपडीत. केवढी मोठी गोष्ट होती ही!

वापरून वापरून गावची पट्टी सुरुवातीच्या टोकाला झिजली. पहिल्या दहा सेंटिमीटरांच्या रेघा पुसल्या. तेव्हापासून लोक दहाच्या रेघेपासून मोजत आणि आलेल्या आकड्यातून दहा वजा करत.

एका वर्षी तलाव काठोकाठ भरला आणि त्याच्या बांधातल्या, पाणी अडवणाऱ्या दाराची कुजकी फळी करकरू लागली. दाराच्या थेट खाली गवंड्याचे घर होते. घरात त्याची लेक ओली बाळंतीण. तिचा नवरा सुतार; बाळ बघायला सासुरवाडीला आलेला. जुनी फळी फुटण्याआधी तिच्यापुढे नवी बसवायची होती, आणि गावात सागाची जाड फळी उरली होती एकच.

गवंडी गुडघाभर पाण्यात उतरला. दहाची रेघ त्याने दाराच्या एका खांबाच्या खाचेत दाबली, पट्टी समोरच्या खांबाच्या खाचेपर्यंत ताणली. आकडा आला एकशे चौऱ्याऐंशी. मनातच दहा वजा करून तो ओरडला, "जावईबापू, एकशे चौऱ्याहत्तर!"

वर बांधावर सुताराने ऐकले. मामंजींनी दहापासून धरलेले त्याने पाहिले होते. 'दहा वजा केले असतील का? पण सासऱ्याला कसे विचारायचे? म्हणतील, जावई मला मोजायला शिकवतो.' त्याने गुपचूप दहा वजा केले आणि एकशे चौसष्टवर खूण केली.

गवंडी वर आला. त्याने खूण निरखून पाहिली. आखूड वाटते! पण जावयाला चुकलात म्हणायचे?

"जावईबापू, जरा पाणी पिऊन घ्या. मग कापा."

"पाणीच तर अंगावर येतंय, मामंजी! कापून झाल्यावर पितो."

करवत चालली. गवंडी ओठ चावत बघत राहिला.

नवी फळी खाली सोडली तेव्हाच जुनी कडाडली. नवी एका खाचेत टेकली. दुसरीपर्यंत पोहोचलीच नाही. पाण्याने ती काडीसारखी फिरवली आणि नेली.

दोघे घराकडे धावले. घर नव्हते. पाणी गढूळ, आणि लेकीच्या नावाला उत्तर नाही. शेवटी टेकाडावरून तान्ह्याचे रडणे आले. शेजारणींनी बाळंतिणीला बाजेसकट वर नेले होते.

"फळी का बसली नाही?" तिने विचारले.

"मी दहा वजा करूनच सांगितलं होतं," बाप म्हणाला.

"मी पुन्हा वजा केले," नवरा म्हणाला.

"आणि एकमेकांना विचारलं नाहीत?"

त्या वर्षी तलाव कोरडा पडला, आणि उन्हाळ्यात सारे गाव घागरी घेऊन शेजारच्या राज्याच्या वेशीवर उभे राहिले.

तात्पर्य: माप कुठून धरले हे विचारल्याने कोणाचा मान जात नाही, न विचारल्याने मात्र घर जाते.